एकोणीस घरांचा साचा

सायो गेल्याची बातमी आळीला कावळ्यांनी दिली.

जानेवारीतला शेवटचा मंगळवार होता. मंगळवारी आणि शुक्रवारी कचऱ्याची गाडी येते. ज्याची पाळी असेल त्याने सकाळी सातला कोपऱ्यावरच्या पिशव्यांवर हिरवी जाळी पसरायची, गाडी गेली की जागा झाडायची आणि जाळी घडी करून ठेवायची. त्या दिवशी पाळी नऊ नंबरची, म्हणजे कात्सुबेंच्या घराची होती, आणि कात्सुबेंची बायको सायो पाळी चुकवणाऱ्यातली नव्हती. साडेसातला कावळे जमले. पावणेआठला माशांची डोकी रस्त्यावर आली. आठला दोन नंबरच्या वाकात्सुकीकाकू एप्रनला हात पुसत म्हणाल्या, "काहीतरी वाईट झालंय. सायो असती तर जाळी असती."

त्या वेळी कात्सुबे दवाखान्यातल्या बाकावर बसले होते आणि त्यांनाही पाचच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. म्हणजे नवऱ्याला आणि आळीला ते साधारण एकदमच कळलं.

अंत्यविधीला सगळी आळी आली. आळीमंडळाचे अध्यक्ष फुकुमा, घर नंबर एक, काळा टाय लावून आले, कमरेत वाकले, उदबत्ती लावली, पुन्हा वाकले, आणि सरळ होता होता म्हणाले, "पाळीपत्रकाचं काय करायचं?"

आळीत घरं एकोणीस. जाळी कोणाची, गटार कोणाचं, बागेतला पाचोळा कोणाचा, याचं पत्रक गेली अकरा वर्षं सायो करत असे. ते ती कॉम्प्युटरवर करायची, आणि तेही स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमवर. समाजमंदिरातल्या शिकवणीला जाऊन शिकली होती. आमच्या तळ्याकाठच्या गावात या गोष्टीचं कोणाला नवल वाटत नाही. इथे अर्धी तरुण मंडळी प्रोग्रॅम लिहून पोट भरतात आणि उरलेली शिंपल्यांचं सूप विकून.

"मी कागदावर करत जाईन," फुकुमा म्हणाले. "आणि हो, एकटा राहणारा माणूस सत्तरीपुढचा असला तर त्याला पाळीतून वगळता येतं. तुमचं वय?"

"चौऱ्याहत्तर."

"बघा!" फुकुमा इतक्या आनंदाने म्हणाले की कात्सुबेंना काहीतरी बक्षीस लागलंय असं शेजारच्या माणसाला वाटलं.

कात्सुबेंनी एकेचाळीस वर्षं मिठाईच्या दुकानात कारागिरी केली. तांदळाचं पीठ आणि साखर लाकडी साच्यात दाबून फुलं, मासे, पानं काढायची, हे त्यांचं काम. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी रागावलं असेल, पगार वाढवायला विसरलं असेल, पण वगळलं नव्हतं. तो शब्द त्यांना घशात काटा अडकावा तसा अडकला.

"पत्रक मी करीन," ते म्हणाले.

"तुम्ही?" फुकुमांच्या त्या 'तुम्ही'मागे सात-आठ प्रश्नचिन्हं होती. "बरं. मार्चअखेरच्या सभेपर्यंत करून बघा. सभेत ठरवू. नाही जमलं तर मी आहेच."

'मी आहेच' या दोन शब्दांनी जितका अपमान होतो तितका शिवी दिल्यानेही होत नाही.

फेब्रुवारीचं पत्रक सायो आधीच छापून गेली होती. म्हणजे हातात एक महिना होता. कात्सुबेंनी तिचा कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत मुंग्यांसारखी अक्षरं होती. त्यांनी दहा मिनिटं पाहिलं, नमस्कार केला आणि बंद केला.

समाजमंदिरात दर गुरुवारी सकाळी दहाला नवशिक्यांसाठी प्रोग्रॅमिंग. विद्यार्थी सात, सगळे निवृत्त. शिकवायला मिझुताबाई, चाळिशीतल्या, नोकरी एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि आवाज असा की मागच्या बाकावरच्याला झोप लागायची सोय नाही.

"रस्त्यावर माशाच्या आकाराचे गोड पाव मिळतात ना?" बाईंनी विचारलं. "लोखंडी साचा एक, मासे अनेक. साच्याला म्हणायचं क्लास, आणि त्यातून निघालेल्या एकेका माशाला ऑब्जेक्ट. कुठल्या माशात लाल चवळीचं सारण, कुठल्यात कस्टर्ड. आकार सगळ्यांचा एक, आतलं ज्याचं त्याचं वेगळं. समजलं?"

कात्सुबेंनी हात वर केला. "बाई, लोखंडी साच्याचं ठीक आहे. ते रस्त्यावरचं काम. पण लाकडी साचा घेतलात तर—"

पुढची अकरा मिनिटं वर्गाला जंगली चेरीचं लाकूड, दमट हवेत फुगणारं पीठ आणि साच्याची धार बोथट झाली की फुलाच्या पाकळ्या कशा 'झोपतात' याची माहिती मिळाली. एका विद्यार्थ्याने मधेच "मग प्रोग्रॅमिंग कधी?" असं विचारून पाहिलं, त्याला उत्तर मिळालं नाही.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला निम्मं आधीच येतंय."

हे वाक्य कात्सुबेंनी किल्ल्याच्या खंदकाकाठून घरी नेताना दोन्ही हातांत धरून नेलं. पुढे जे घडलं त्याला हे वाक्य बरंचसं जबाबदार आहे. निम्मं येणाऱ्या माणसाइतका धोकादायक माणूस नसतो. काहीच न येणारा निदान विचारतो तरी.

पुढच्या गुरुवारी बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली, ती मात्र त्यांना मनापासून पटली. "तुमच्या पत्नीच्या प्रोग्रॅममध्ये 'घर' हा साचा आहे," बाई म्हणाल्या, "आणि त्यातून एकोणीस घरं काढलीत. घराच्या आतल्या गोष्टी घराकडेच राहतात. बाहेरच्याने आत डोकवायचं नाही. बाहेरून फक्त विचारायचं, 'मंगळवार चालेल का?' घर म्हणेल, चालेल किंवा नाही चालणार. का, ते विचारायचं नाही."

"म्हणजे शेजाऱ्यासारखं वागायचं," कात्सुबे म्हणाले.

"चांगल्या शेजाऱ्यासारखं," बाई म्हणाल्या.

कात्सुबे प्रोग्रॅमिंग शिकतायत हे आळीला कळायला एक दिवस पुरला आणि सल्ले सुरू झाले. वाकात्सुकीकाकू म्हणाल्या, डोळ्यांना ताण येतो, रोज वाटीभर समुद्री शेवाळ खा. न्हावी म्हणाला, कॉम्प्युटर तापला की लबाडी करतो, खाली बर्फाची पिशवी ठेवा. फुकुमा भेटले की काहीच म्हणत नसत. ते फक्त विचारत, "कसं चाललंय?" आणि उत्तर ऐकताना डोकं इतकं हळू हलवत की आजाऱ्याची चौकशी वाटावी.

फेब्रुवारी संपत आला. मार्चच्या पत्रकात एकच नवी गोष्ट घालायची होती. ज्या घरात माणूस जातं त्या घराला एकोणपन्नास दिवस पाळी नसते, ही आळीची रीत. नऊ नंबरचे एकोणपन्नास दिवस सतरा मार्चला संपत होते. कात्सुबेंनी प्रोग्रॅम उघडला आणि अगदी वरच, पहिल्याच पानावर, त्यांना 'शोक' हा शब्द दिसला. पुढे लिहिलेलं: नाही. सायोने तीही सोय करून ठेवली होती. त्यांनी 'नाही' खोडून 'आहे' लिहिलं, तारीख घातली, आणि छापलं.

नऊ नंबरची ओळ त्यांनी तीन वेळा वाचली. 'शोक. १७ मार्चपर्यंत सूट.' अचूक! बाकीच्या अठरा ओळी त्यांनी वाचल्या नाहीत, कारण त्या त्यांनी बदललेल्याच नव्हत्या. एवढ्याशा कामासाठी लोक वर्षानुवर्षं शिकतात याचं त्यांना वाईट वाटलं.

पत्रक फिरत्या पाटीला लावलं आणि पाटी घर नंबर एककडे दिली. आमच्याकडे अशी पाटी घरोघर फिरते. वाचायचं, आपल्या नावासमोर सहीऐवजी शिक्का मारायचा, शेजाऱ्याकडे द्यायची. तीन दिवसांत पाटी एकोणीस शिक्के घेऊन परत आली. एकही तक्रार नाही, एकही शंका नाही. कात्सुबेंनी सायोच्या फोटोसमोर पाटी ठेवली आणि चहा केला.

पत्रकात एकोणीसच्या एकोणीस घरांसमोर छापलेलं होतं: 'शोक. १७ मार्चपर्यंत सूट.'

हे जवळजवळ सगळ्यांनी पाहिलं होतं. पण महिन्यापूर्वी बायको गेलेल्या माणसाच्या दारात जाऊन 'तुमच्या पत्रकात चूक आहे' असं सांगणार कोण? आमच्या आळीत असला उद्धटपणा कोणी केलेला नाही. प्रत्येकाने विचार केला, पुढचा सांगेल. पुढच्याने विचार केला, अध्यक्ष सांगतील. अध्यक्षांनी सगळ्यांत आधी पाहिलं होतं. त्यांनी विचार केला, सभेत बघू. आणि सूट छापूनच आली आहे म्हटल्यावर ती न पाळणं म्हणजे दुःखी माणसाच्या शब्दाचा अवमान! तेव्हा सगळी आळी शिस्तीने शोक पाळायला लागली.

चार मार्च, मंगळवार. पिशव्या आल्या, जाळी आली नाही. कावळ्यांची शाळा भरली आणि पटावरचे झाडून सगळे हजर होते. गाडी आली, गाडीवाल्याने रस्ता पाहिला, फुटलेल्या पिशव्यांवर लाल कागद चिकटवले आणि गाडी तशीच पुढे नेली. शुक्रवारी मंगळवारचा आणि शुक्रवारचा असा दोन्ही कचरा होता, आणि कावळ्यांनी पाहुणेही बोलावले होते.

त्यात वाकात्सुकीकाकूंना चष्मा सापडत नव्हता. त्यांना पत्रकातली फक्त पहिली ओळ वाचता आली: घर नंबर एक, शोक. फुकुमांची आई शहाण्णव वर्षांची. काकूंनी दोन आणि दोन चार केले, काळा किमोनो काढला, उदबत्तीचा पुडा आणि शोकाच्या पैशांचं पाकीट घेतलं आणि जाऊन घंटा वाजवली. दार फुकुमांच्या आईने उघडलं.

"कोण गेलं?" म्हातारीने काकूंचे कपडे पाहून विचारलं.

काकू म्हणाल्या, "तुम्हीच असाल असं वाटलं होतं."

"नाही बाई. मी आत्ता मुळा किसतेय."

काकू आणलेलं पाकीट परत नेणार कशा? त्यांनी ते ठेवलं. म्हातारीने रीतीप्रमाणे उलट भेट म्हणून चहाचा डबा दिला. काकूंना काळ्या कपड्यांत जाताना चार नंबरने पाहिलं आणि तेही गेले. त्यांना टॉवेल मिळाला. मग फुकुमांना वाटलं, आपल्याकडे एवढे लोक येऊन गेले आणि पत्रकात तर त्यांच्याही घरी शोक लिहिलाय, आपण न जाणं बरं दिसत नाही. आठवडाभर काळे कपडे घातलेली माणसं एकमेकांच्या दारात वाकत होती, आणि कोणी गेलं नसताना आळीत चहाचे डबे आणि टॉवेल फिरत होते.

कात्सुबेंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना कळलं ते सोमवारी, पालिकेच्या चिठ्ठीवरून. नऊ नंबरला चिठ्ठी आली कारण कचऱ्याच्या जागेची जबाबदार म्हणून कात्सुबे सायो यांचं नाव होतं.

पालिकेतल्या खिडकीमागचा कारकून अत्यंत नम्र होता. "जबाबदार व्यक्तीला स्वतः यावं लागतं," तो म्हणाला.

"ती नाही येऊ शकत."

"मग त्यांचं अधिकारपत्र चालेल. त्यांच्या शिक्क्यासह."

"ती वारली."

कारकून उभा राहिला, खोल वाकला, आणि बसून कागद उलटत म्हणाला, "अतिशय वाईट झालं. तसं असेल तर जबाबदार व्यक्ती बदलण्याचा अर्ज करा. त्यावर आधीच्या जबाबदार व्यक्तीची सही लागते."

दोघांनीही त्या अर्जाकडे बराच वेळ पाहिलं. शेवटी कारकून म्हणाला, "मी असं लिहितो की आपण येऊन गेलात." कात्सुबे म्हणाले, "लिहा." गाडी पुन्हा सुरू झाली. जबाबदार व्यक्ती बदलली का नाही, हे त्या दोघांनाही सांगता येणार नाही.

गुरुवारी वर्ग संपल्यावर त्यांनी कॉम्प्युटर मिझुताबाईंपुढे ठेवला. बाईंनी पहिलं पान पाहिलं आणि ओठ आवळून धरले.

"हसायचं असेल तर हसा," कात्सुबे म्हणाले. "सगळी आळी हसत असेल."

"काका, तुम्ही हे साच्यावर कोरलंत. नऊ नंबरच्या घरात लिहायचं होतं."

एकेचाळीस वर्षांत कात्सुबेंनी पोरवयाच्या कारागिरांना एकच गोष्ट शंभरदा सांगितली होती: मिठाईवर रेघ हवी तर काडीने मिठाईवर मार, साच्याला सुरी लावशील तर हात तोडीन. त्या क्षणी त्यांचे कान बाईंच्या हातातल्या लाल पेनासारखे झाले होते.

"घरं कुठेत?" त्यांनी विचारलं.

"खाली. तुम्ही खाली गेलाच नाहीत?"

ते गेले नव्हते. पहिल्या पानावरच काम झाल्यावर खाली कोण जातो? बाईंनी पान सरकवलं. साचा संपला आणि घरं सुरू झाली, एकामागे एक, आणि प्रत्येक घराच्या आत सायोने एक टीप लिहिलेली होती. ती पत्रकात छापली जात नसे.

'घर १. पाळी आईची. पहाटे स्वतः करते, करू द्यावी. मुलगा फक्त शिक्का मारतो.'

'घर २. गटार देऊ नये, गुडघे. विचारलं तर नाही म्हणणार नाहीत.'

'घर ७. मंगळवार, गुरुवार, शनिवार दवाखाना. कोणाला सांगायचं नाहीये त्यांना.'

'घर १२. सकाळी उठत नाहीत. पाचोळा द्यावा, तो दुपारीही पडतो.'

आणि मग:

'घर ९. नवरा. जाळी उलटी पसरतो, शिशाची जड कड वर येते, कावळे खालून शिरतात. सांगितलं तर रुसतो. पाळी माझीच धरावी.'

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकलींची रांग होती.

"एकदाच," कात्सुबे म्हणाले. "एकदाच पसरली होती मी. बारा वर्षांपूर्वी. आणि रुसलो नव्हतो. जेवलो नव्हतो फक्त."

त्या शनिवारी दुपारी, रिकाम्या कोपऱ्यावर, कचरा नसताना, एक गृहस्थ जाळी पसरून उचलताना आळीला दिसले. वाकात्सुकीकाकूंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "कड खाली! कड खाली घ्या, भावजी!" चौथ्या खेपेला त्या स्वतःच खाली आल्या. सहाव्या खेपेला त्या म्हणाल्या, "आता कावळ्याला कळलं तर तो गाव सोडेल."

प्रोग्रॅमही दुरुस्त झाला. साचा पूर्ववत केला, शोक फक्त नऊ नंबरच्या आत लिहिला. तोवर सतरा तारीख उलटून गेली होती, त्यामुळे दुरुस्ती अचूक होती आणि निरुपयोगी.

मार्चच्या शेवटच्या रविवारी सभा भरली. फुकुमांनी मोठ्या कागदावर पट्टीने आखलेलं, दोन रंगांचं पत्रक आणलं होतं. ते देखणं होतं हे कात्सुबेंनाही कबूल करावं लागलं. त्यांनी स्वतःचं एप्रिलचं पत्रक मांडीवर उलटं ठेवलं होतं.

"मार्चमध्ये काय झालं त्यावर मी बोलणार नाही," फुकुमा म्हणाले, आणि त्यावर दहा मिनिटं बोलले. मग त्यांनी आपलं पत्रक वाचायला सुरुवात केली. "एप्रिल. पहिला मंगळवार, जाळी, घर नंबर सात."

सात नंबरचे नोई मागच्या रांगेत होते. साठीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "चालेल."

"नाही चालणार," कात्सुबे म्हणाले.

सगळे वळले. "का?" फुकुमांनी विचारलं. "ते चालेल म्हणतायत ना!"

"मंगळवार त्यांना द्यायचा नाही."

"पण कारण काय?"

कात्सुबेंनी नोईंकडे पाहिलं नाही. "कारण घराच्या आतलं आहे. आपण फक्त विचारायचं, मंगळवार चालेल का. सायोने अकरा वर्षांपूर्वी विचारलं होतं, तेव्हा घर नाही म्हणालं. म्हणून अकरा वर्षांत त्यांना एकही मंगळवार आला नाही. बघा जुनी पत्रकं."

मग वाकात्सुकीकाकू हळूच म्हणाल्या, "मला गटार कधी आलंच नाही. मला वाटायचं, नशीब."

"मला नेहमी पाचोळाच," बारा नंबर म्हणाला. फुकुमांच्या आईने डोळे मिटून घेतले होते. तिला झोप लागलेली नव्हती.

फुकुमा आपल्या दोन रंगांच्या कागदाकडे बघत राहिले. एक वेळ माणूस चूक मान्य करील, पण पट्टीने आखलेल्या रेषा गुंडाळणं अवघड असतं. त्यांनी त्या गुंडाळल्या. "पत्रक नऊ नंबरकडे राहू द्या," ते म्हणाले. "पण प्रत्येक वेळी वाचून. एकोणीसही ओळी."

"एकोणीसही," कात्सुबे म्हणाले.

"आणि तुमच्या घराचं? नियमाप्रमाणे तुम्हाला वगळता येतं."

"घराला विचारा."

फुकुमांनी उसासा सोडला. "काय म्हणतं घर?"

"नको म्हणतं."

सगळ्यांत आधी हसल्या त्या फुकुमांच्या आई. मग सगळेच हसले. नोई उठून जाताना कात्सुबेंजवळ थांबले, जरा जास्तच वाकले आणि चपला घालायला गेले.

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी पाळी नऊ नंबरची होती. कात्सुबे पावणेसातला कोपऱ्यावर होते. कड खाली होती. दोन कावळे तारेवर येऊन बसले, त्यांनी जाळीला एक फेरी मारली आणि पलीकडच्या आळीत गेले.

पत्रकात त्या शुक्रवारपुढे 'घर ९, कात्सुबे सायो' असं छापलेलं आहे. नाव बदलायला एक ओळ पुरते, आणि ती साच्यात नाही, घरात लिहायची असते, हे आता त्यांना येतं. मे महिन्याचं पत्रक छापून झालं, जूनचंही झालं. ती ओळ लिहायची राहिली आहे.